रेडा, गेंडा, हत्ती आणि दिल्लीला गेलेला रथ

आषाढी एकादशी झाली की लग्नाच्या बँडचे लाल-सोनेरी कोट ट्रंकेत जातात. मुहूर्त संपलेले असतात आणि गणपतीच्या आगमनाच्या सुपाऱ्यांना अजून अवकाश असतो. बाबा युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं पितळी फुंकवाद्य, वाजवायचे तेव्हापासून आमच्या लालबागच्या घरात हे पाच-सहा आठवडे वाद्यं खोलण्याचे. नळ्या कोमट पाण्यात, बटणं तेलात आणि घरभर पितळेचा तो आंबूस वास. मागच्या आषाढात ह्याच दिवसांत मी मास्तरांपुढे वही ठेवली आणि म्हटलं, लग्नाचं नको, मिरवणुकीचं नको, लोकांनी बसून ऐकावं असं काहीतरी वाजवू या. नुसतं पितळ आणि ताल. विषय एखादी जुनी संस्कृती.

मास्तर चाळीस वर्षं ट्रंपेट वाजवतायत. त्यांनी वही उघडली नाही. "बसून ऐकायला कोण येतंय ते मागाहून बघू. आयुष्यभर चालत वाजवलेल्या माणसांना एका जागी बसवणार कसा, ते आधी सांग," म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

बाराजण जमलो. तीन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, एक सुझाफोन (अंगाभोवती वेढा घालून वाजवायचं, सगळ्यात खालच्या सुराचं पितळी वाद्य) आणि चार तालवाले. मी दिवसा एका ऑफिसात हिशेब लिहितो आणि लग्नसराईत तिसरा ट्रंपेट वाजवतो. बाबांचं युफोनियम आता माझा चुलतभाऊ वाजवतो. वाद्याच्या घंटेला, म्हणजे पसरट तोंडाला, एका वरातीत बसलेला पोचा तसाच आहे, काढू दिला नाही कुणी. तालमीची जागा म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची व्यायामशाळा, रात्री नऊ ते साडेदहा, खिडक्या लावून. जुलैत खिडक्या लावलेल्या खोलीत बारा माणसं फुंकायला लागली की काय होतं ते सांगायला नको.

माझ्या डोक्यात आधी इजिप्त होता. १९२२ साली तुतनखामेनचं थडगं सापडलं, त्यातल्या वस्तूंमध्ये दोन तुताऱ्या होत्या, एक चांदीची आणि एक तांब्याच्या मिश्रधातूची. १९३९ मध्ये बीबीसीनं त्या कैरोच्या संग्रहालयात वाजवून रेडिओवरून जगाला ऐकवल्या. तीन हजार वर्षांहून जुना धातू आणि त्यात आपल्यासारख्याच एका बँडवाल्याची फुंक! ट्रंपेट वाजवणाऱ्याला ह्याची भुरळ पडली नाही तरच नवल. मी सुरावट बांधली. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, खाली उंटाच्या चालीचा ठेका. पहिल्याच तालमीत सगळ्यांना आवडली. साइड ड्रमवाला खूश होऊन म्हणाला, "एकदम पिक्चरमधलं वाळवंट!"

त्यानं मनापासून कौतुक केलं होतं, पण मी त्या रात्री झोपलो नाही. खरंच ते पिक्चरमधलं वाळवंट होतं. पुन्हा १९३९ चं ध्वनिमुद्रण लावलं. त्या तुतारीतून धड असे दोन-तीनच सूर निघतात. आपली तुतारी, आपलं शिंगही असंच आहे. देवळाच्या दारात, पालखीपुढे, ती हाक मारायला असतात, त्यांच्यावर कुणी चाली वाजवत नाही. मी मात्र त्या बिचाऱ्या तुतारीच्या तोंडी सिनेमाची चाल घातली होती. ती आठ पानं मी फाडली.

पुढच्या रविवारी भाचीला घेऊन म्युझियमला गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय, पण आम्ही बसच्या पाटीवरचं 'म्युझियम'च म्हणतो. तिला शाळेच्या प्रकल्पासाठी हडप्पाच्या मुद्रा बघायच्या होत्या. ती मुद्रांपाशी रेंगाळली आणि मी दायमाबादच्या प्राण्यांपुढे उभा राहिलो तो उभाच.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. दायमाबाद हे आपल्याच अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातलं प्रवरेकाठचं गाव. १९७४ साली तिथे एका झुडपाच्या बुंध्याशी खणताना एका गावकऱ्याला चार ओतीव मूर्ती मिळाल्या. रेडा, गेंडा, हत्ती आणि दोन बैलांचा रथ. भरीव धातू, चारही मिळून ६० किलोंहून जास्त वजन. हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या, म्हणजे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या, असं बरेच अभ्यासक मानतात. काळाबद्दल वाद आहे, पण त्यांच्या समोर उभं राहिलं की तो वाद थोडा वेळ विसरायला होतो. रेडा ३१ सेंटिमीटर उंच, गेंडा १९. खाली चाकं आहेत. आरे नसलेली, भरीव, जाड चाकं. खेळण्यासारखं दिसतं, पण दोन हातांनी उचलतानाही दमछाक व्हावी इतकं जड खेळणं कुठलं पोर ओढणार? कदाचित कसली तरी मिरवणूक असेल. मिरवणूक म्हटल्यावर माझे कान टवकारले गेले.

हत्तीची चाकं हरवली आहेत. पाटा आहे, त्यावर हत्ती उभा आहे, पण खाली आस नाहीत नि चाकंही नाहीत. आणि रथ मुंबईत नाही. तो दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ४५ सेंटिमीटर लांबीचा, त्यात उभा असलेला माणूस १६ सेंटिमीटरचा. मी त्याचे फोटो तेवढे पाहिलेत.

म्युझियमच्या पायऱ्यांवर बसून, पाऊस थांबायची वाट बघत, मी भाचीच्या प्रकल्पाच्या कागदामागे लिहिलं: रेडा चालतो, गेंडा चालतो, हत्ती उभा, रथ लांबून ऐकू येतो. रचना तिथेच ठरली. पुढचे चार महिने गेले ते ह्या चार ओळी वाजवायच्या कशा त्यात.

हडप्पाचं संगीत कुणी ऐकलेलं नाही. लिपी वाचता आलेली नाही, तर त्यांच्या सुरांचं काय सांगणार? मातीचे खुळखुळे आणि पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या मिळाल्यात, तेवढंच हाताशी. म्हणून मी मनाशी एक पक्कं केलं. 'प्राचीन' वाटेल अशी एकही चाल घालायची नाही. ज्याला मोजता येतं, हात लावता येतो तेच घ्यायचं. वजन, चाक, वीट, मडकं.

वीट मला सगळ्यात आधी सापडली. हडप्पाच्या लोकांच्या विटांचं माप ठरलेलं असे. जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४. शहर कुठलंही असो, प्रमाण तेच. मी ते मात्रांत मांडलं. एक, मग दोन, मग चार. बेरीज सात. गेंड्याची चाल ह्या सातांवर बांधली. पहिला ठोका आखूड, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा लांबलचक. जड जनावर आधी पाय उचलतं, मग तोल सावरतं आणि मग अंग पुढे टाकतं, तसं.

वहीत शोभून दिसलं. व्यायामशाळेत मात्र दोन आठवडे रडलो. सात मात्रा म्हटल्या की ताशावाल्याचा हात आपसूक रूपकात जायचा, तीन-दोन-दोन. तो वर्षानुवर्षं भजनाला साथ करतो, त्याच्या बोटांत रूपक मुरलाय. त्याला "एक, दोन, चार" म्हणून काही उपयोग नव्हता. शेवटी मास्तरांनी तोड काढली. व्यायामशाळेतल्या डंबेल्सच्या जागी जाऊन त्यांनी दोन हातांनी एक मोठं वजन उचललं. "उचल" एक मात्रा, "सांभाळ" दोन, "ठेव रे बाबा" चार. त्या रात्री सगळे तेच ओरडत वाजवत होते. ताशाच्या काड्या पहिल्यांदा त्या चालीत बसल्या तेव्हा चुलतभावानं तोंडातून माउथपीस काढून "अरे, चालला!" म्हटलं. मला वहीवर अख्खं पान समजावून जे जमलं नव्हतं ते त्या डंबेलनं जमवलं.

मडक्यांसाठी धारावीच्या कुंभारवाड्यात गेलो. दायमाबादच्या टेकाडात सगळ्यात वरचा थर जोर्वे संस्कृतीचा आहे, सुमारे इ. स. पू. १४०० ते १००० चा. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ते नाव पडलं. त्यांची भांडी लाल, वर काळी नक्षी आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. खणखणीत आवाज ही त्या भांड्यांची ओळखच म्हणून पुस्तकांत येते. प्राणी आणि ही भांडी एका काळातली नव्हेत, पण एकाच टेकाडातली. तेवढी सूट मी घेतली.

कुंभारवाड्यात भट्ट्यांचा धूर डोळ्यांत जातो आणि गल्ली दोन माणसं शेजारून जातील एवढीच. एका आजींच्या ओट्यावर मी मडकी टिचक्या मारून बघायला लागलो. आजींना वाटलं गिऱ्हाईक तडा शोधतंय. आपल्याकडे माठ घेताना सगळेच वाजवून घेतात. बद्द बोललं की ठेवून देतात. मी मात्र चांगली मडकीही ठेवत होतो आणि ट्रंपेटचा माउथपीस खिशातून काढून हलकेच सूर लावून बघत होतो. आजींनी थोडा वेळ बघितलं, मग आत जाऊन तीन लहान, जाड बुडाची, भट्टीच्या आतल्या बाजूला राहून जास्त भाजलेली मडकी आणली. रंगानं काळपट, विकायला बाजूला पडलेली. वाजवली आणि अंगावर काटा आला. एक जवळपास काळी पाचच्या, म्हणजे पेटीवरच्या आमच्या पट्टीच्या, पंचमाला होतं. पितळेच्या बरोबरीनं वाजेल असं मातीचं भांडं! तिन्ही घेतली. मांडीवर ठेवून लोकलनं आलो, दादरच्या गर्दीत एकाला कोपर लागलं तेव्हा काळजात धस्स झालं.

आता रथ. ट्रंपेटचं एकही बटण दाबलं नाही तर ती नुसती नळी उरते, म्हणजे तुतारीच. ओठ आवळत गेलं की त्यातून निसर्गानं दिलेले सूर ओळीनं निघतात. सा, वर पंचम, पुन्हा सा, गंधार, पंचम आणि त्यावर एक निषाद. हा निषाद आपल्या कोमल निषादाहूनही थोडा उतरलेला असतो. बँडमध्ये तो चुकीचा म्हणून टाळतात किंवा बटण दाबून दुसऱ्या वाटेनं काढतात. मी रथासाठी तोच घेतला. मास्तरांना म्हटलं, एकही बटण दाबायचं नाही आणि तो निषाद सुधारायचा नाही.

चाळीस वर्षं सुरात वाजवणाऱ्या माणसाला बेसूर वाजव म्हणणं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांचे ओठ आपोआप तो सूर वर ढकलत होते. त्यांनी ट्रंपेट खाली ठेवला. "हा सूर मी पोरांना काठीनं मारून घालवलाय," म्हणाले. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी ते लवकर आले, एकटेच दाराशी पाठ करून उभे होते, आणि तो उतरलेला निषाद लांब, सरळ, थरथर न करता लावत होते. मी जिन्यात थांबलो. चाळीच्या अंगणात पाऊस पडत होता आणि त्यातून तो सूर कुठूनतरी फार लांबून यावा तसा येत होता. हे बेसूर नव्हतं. पेटी येण्याच्या आधीचं होतं.

सगळ्यात जास्त वेळ हत्तीनं खाल्ला. त्याला चाकं नाहीत म्हणून मी त्याला ताल दिला नाही. अडीच मिनिटं नुसता काळी पाचचा खालचा सा. सुझाफोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आळीपाळीनं श्वास चोरून घेतात, सूर तुटत नाही. वरच्या रंगात थोडा फरक होत राहतो, बाकी काही घडत नाही. चारही तालवाले हात बांधून बसायचे. मोठा ड्रम वाजवणाऱ्या काकांना हे फार लागलं. "अडीच मिनिटं मी लोकांपुढे नुसता बसू? वरातीत एक ठोका चुकला तर लोक मागे वळून बघतात," ते म्हणाले. त्यांचं खरं होतं. ज्या माणसाच्या ठोक्यावर अख्खी गल्ली नाचते त्याला थांबायला सांगणं हा अपमान वाटू शकतो, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

त्यातच एक कुरकुर ऐकू यायला लागली. हत्ती सुरू झाला की खोलीत कुठेतरी बारीक खर्र खर्र. सुझाफोनची नळी तपासली, ट्यूबलाइट बंद करून बघितली, खिडकीची काच दाबून धरली. तीन रात्री गेल्या. मग मोठ्या ड्रमवाल्या काकांनीच शोधलं. रिकाम्या हातांनी बसून बसून त्यांना ऐकायला वेळ मिळाला होता. साइड ड्रमच्या खालच्या चामड्याला टेकलेल्या तारा खालच्या सुरानं थरथरत होत्या. खटका सोडला, तारा सुटल्या, कुरकुर गेली. पण काकांनी आणखी एक पाहिलं होतं. त्यांनी माझा हात धरून मोठ्या ड्रमच्या पानावर ठेवला. कुणी वाजवत नव्हतं तरी पान श्वास घेतल्यासारखं हलत होतं. "बघ, उभा आहे तो," म्हणाले. त्यानंतर हत्तीच्या अडीच मिनिटांत ते तळवा पानावर ठेवून बसायचे आणि मी ते तसंच वहीत लिहून ठेवलं. शेवटच्या दहा सेकंदांत तारांचा खटका पुन्हा लावायचा, म्हणजे ती खर्र परत येते आणि हत्ती जिवंत आहे असं वाटतं.

गणपती आले, नवरात्र आलं, दोन महिने तालीम नाही. त्या काळात सभागृह शोधलं. एका ठिकाणी फोनवर सगळं ठरलं होतं. प्रत्यक्ष भेटीत 'बँड' शब्द ऐकल्यावर समोरच्या गृहस्थांनी रजिस्टर मिटलं. लग्नाचा बँड आत नको, तो रस्त्यावर ठीक आहे, असं म्हणाले. मास्तर माझ्याबरोबर होते. परत येताना बसमध्ये ते काही बोलले नाहीत आणि मलाही काही सुचलं नाही. पितळेच्या वाद्यांनी ह्या शहरातल्या किती घरांची सुखाची संध्याकाळ उजळली आहे, आणि ती वाजवणाऱ्याला मात्र उंबऱ्याच्या आत यायला परवानगी लागते, ह्याचं दुःख मला आजही आहे. मग परळच्या एका शाळेनं तिसऱ्या मजल्यावरचं सभागृह दिलं. तारीख पंचांगानंच दिली. भाऊबीज झाल्यावर आणि तुळशीचं लग्न लागायच्या आधीचा रविवार. त्यानंतर कुणालाच वेळ नसतो.

रथ बाहेरून वाजायचा होता. मास्तर जिन्यात, दोन मजले खाली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण जिन्याच्या भिंतींवर आपटत वर येताना तो पसरतो आणि उशिरा आल्यासारखा वाटतो. आतल्या तालाशी जुळेना. मी हातानं मात्रा दिली तरी ती त्यांना दिसणार कशी? भाची दारात उभी राहिली, तिला बघून मधल्या मजल्यावरचा तिचा मित्र हात खाली करायचा आणि त्याला बघून मास्तर फुंकायचे. तरीही मागे पडत होतं. शेवटी मास्तरच म्हणाले, "जुळवायचं कशाला? लांबची हाक कधी तालात ऐकू येते का?" ते खरं होतं. मी आतल्या वाद्यांचा ताल तिथे काढून टाकला, फक्त मडकी ठेवली, सुटी सुटी.

कार्यक्रमाला नव्वदेक माणसं आली. निम्मी चाळीतली. आमच्या लोकांनी लाल-सोनेरी कोट घालायचा की नाही ह्यावर बराच खल झाला, आणि घातले. रेडा ठीक गेला. चुलतभावाचं युफोनियम सुरुवातीला थोडं घाबरलं, पण पोच्यातून तो जाड, किंचित घोगरा आवाज निघाला आणि मला बाबा दिसले. गेंड्यात पहिल्या रांगेतली एक आजी एक-दोन-चारवर मान हलवायला लागली. तिनं ते बरोबर पकडलं होतं. हत्तीत कुणी खोकलं नाही. काकांचा तळवा पानावर होता, डोळे मिटलेले.

मग जिन्यातून रथ आला. उतरलेला निषाद पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा काही माणसांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मडकं एकदा वाजलं. पुन्हा निषाद, पण आता बारीक. मी वहीत लिहिलं होतं की तीन हाका झाल्या की संपवायचं. तीन झाल्या, आणि चौथी आली. मग पाचवी, आणखी खालून. मास्तर वाजवत वाजवत जिना उतरत होते. आयुष्यभर चालत वाजवलेला माणूस, त्याचे पाय निघाले होते. मडकीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यानं काड्या खाली ठेवल्या. सहावी हाक शाळेच्या फाटकापाशून आली असावी, कारण तिच्यात रस्त्यावरचा हॉर्न मिसळला होता.

टाळ्या संपून लोक उठायला लागले तरी मास्तर वर आले नव्हते. मी खाली गेलो. ते फाटकाशी ट्रंपेट उलटा करून नळीतलं पाणी काढत होते, धाप लागली होती.

"तीनच लिहिल्या होत्या, मास्तर," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला समोरच्या सिग्नलपर्यंत जातो. दिल्ली लांब आहे."